विजेचा हिशेब

लखनौची थंडी महाराष्ट्रातून येणाऱ्या माणसाला पहिल्या वर्षी चकित करते. पौष-माघात धुके दाटले म्हणजे दुपारपर्यंत सूर्याचे दर्शन होत नाही, आणि मग घरोघरी विजेच्या शेगड्या बाहेर निघतात. त्याबरोबर एक तक्रारही ऐकू येते : शेगडी तांबूस होते, पण ऊब म्हणून देत नाही. दोष शेगडीला दिला जातो. पुष्कळदा तो असतो विजेच्या दाबाचा. तो किती, हे साध्या त्रैराशिकाइतक्या गणिताने काढता येते.

दाब व्होल्टमध्ये मोजतात आणि प्रवाह अँपिअरमध्ये. दाबाला प्रवाहाने भागले की तारेचा रोध ओहममध्ये मिळतो. दाबाला प्रवाहाने गुणले की खर्च होणारी शक्ती वॅटमध्ये मिळते. पहिला नियम गेओर्ग ओहम या जर्मन शिक्षकाने 1827 साली ग्रंथरूपाने मांडला. स्वदेशात त्याची फारशी कदर झाली नाही. 1841 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक देऊन त्याचा गौरव केला.

आता आपली शेगडी घेऊ. तिच्यावर 230 व्होल्ट आणि 1000 वॅट असे लिहिलेले आहे. हजाराला 230 ने भागले की प्रवाह निघतो सुमारे 4.35 अँपिअर, आणि 230 ला 4.35 ने भागले की रोध निघतो सुमारे 53 ओहम. संध्याकाळी सगळ्या मोहल्ल्याच्या शेगड्या एकदम चालू झाल्या आणि दाब 180 व्होल्टवर उतरला, असे समजा. शेगडीच्या तारेचा रोध जवळजवळ तोच राहतो. त्यामुळे प्रवाह 3.4 अँपिअर होतो आणि शक्ती उरते 612 वॅट. दाब पाचव्या हिश्श्याहून थोडा अधिक उतरला, पण ऊब मात्र हजारातून जवळजवळ चारशेने घटली. दाबाबरोबर प्रवाहही उतरतो, आणि गुणाकारात दोघांचीही घट लागू होते.

हा हिशेब शेगडी, इस्त्री यांसारख्या केवळ तापणाऱ्या उपकरणांना चोख लागू पडतो. पंखा, पंप अशा मोटारीच्या उपकरणांत दाब आणि प्रवाह यांची लय तंतोतंत जुळत नाही. म्हणून तेथे नुसत्या गुणाकाराने येणारा आकडा खऱ्या वॅटहून मोठा असतो. जुन्या तारेच्या दिव्याची गोष्ट आणखी निराळी. तो थंड असताना मोजलेला रोध तापल्यावरच्या रोधाच्या दशांशाहूनही कमी भरतो. तेव्हा उपकरण चालू असतानाचेच आकडे घ्यावेत, आणि तेही जाणकाराकडून मोजवून. घरच्या तारांत स्वतः हात घालण्याचा उत्साह नसावा.

या गणिताचा खरा उपयोग मात्र ऊब मोजण्यापेक्षा आग टाळण्यासाठी आहे. शक्ती काढण्याची आणखी एक रीत आहे : प्रवाहाचा वर्ग करून त्याला रोधाने गुणावे. 2000 वॅटच्या गीझरचा प्लग सॉकेटमध्ये सैल बसला आहे आणि त्या सांध्यात अर्धा ओहम रोध उत्पन्न झाला आहे, असे धरा. प्रवाह साडेआठ अँपिअरच्या आसपास राहतो. त्याचा वर्ग सुमारे 73; त्याचे अर्धे, म्हणजे 36 वॅट, त्या चिमूटभर जागेत उष्णता होऊन साठतात. रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर ज्या सोल्डरिंग आयर्नने धातू वितळवतो, त्याची शक्ती पुष्कळदा एवढीच असते. आणि फ्यूज? तो स्वस्थ बसून राहतो. सांध्यातील रोधामुळे प्रवाह उलट किंचित कमी झालेला असतो, आणि फ्यूजला केवळ अधिक प्रवाहच कळतो. काळवंडलेला प्लग किंवा जळका वास हीच येथे सूचना. कार्यालयातील स्मरणपत्राप्रमाणे ती फाइलीत ठेवून देण्याजोगी नव्हे.

प्रवाहाच्या वर्गाचा हाच जाच आगगाडीच्या तारेलाही असतो. रेल्वेची संशोधन व मानके ठरवणारी संस्था, आर.डी.एस.ओ., 1957 पासून लखनौच्या मानकनगरात आहे. त्याच वर्षी आपल्या रेल्वेने यापुढील विद्युतीकरणासाठी 25 हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब स्वीकारला. मुंबईत 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी पहिली विजेची गाडी धावली, ती 1500 व्होल्टच्या एकदिश दाबावर. 45 लाख वॅटच्या इंजिनाला 1500 व्होल्टवर 3000 अँपिअर लागतात. 25 हजारांवर, लयीतला फरक सोडला तर, अवघे 180. प्रवाह सुमारे सतरा पटींनी कमी होतो, म्हणून तेवढ्याच रोधाच्या तारेत वाया जाणारी शक्ती जवळजवळ 278 पटींनी घटते. तार हलकी चालते, आणि वीज पुरवणारी उपकेंद्रे दूरदूर ठेवता येतात.

मग 1925 मध्येच हे का केले नाही? त्या काळच्या मोटारींना एकदिश वीज थेट देता येत असे. उच्च दाब वापरायचा तर तो उतरवण्याचा आणि वीज एकदिश करण्याचा सारा सरंजाम इंजिनातच वाहून न्यावा लागतो. शिवाय दाब वाढला की तार आणि भोवतालचे बांधकाम यांत अंतरही अधिक ठेवावे लागते. मुंबईच्या उपनगरी मार्गांवरील बदल पुरा व्हायला 2016 साल उजाडले, त्यात अडचण झाली ती रुळांवरून जाणाऱ्या जुन्या, बुटक्या पुलांचीही. कोठे पूल उंच करावा लागला, कोठे रूळ खाली घ्यावे लागले.