झेंडूतलं ल्युटिन, मेथीतलं ल्युटिन

दसऱ्याला आपण दाराला झेंडूचं तोरण लावतो ना, त्या फुलातला पिवळा रंग म्हणजे मुख्यतः ल्युटिन. मेथी, पालक, शेवग्याच्या पाल्यातही ते भरपूर असतं, फक्त हिरव्या रंगाखाली झाकलेलं. आपल्या डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी एक पिवळा ठिपका असतो. सुईत दोरा ओवणं, तांदूळ निवडणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं, ही बारीक नजर त्या ठिपक्याची. तिथे ल्युटिन साठतं आणि प्रखर उजेडापासून त्याला जपतं. शरीर ते स्वतः तयार करत नाही, जेवणातूनच यावं लागतं.

अडचण अशी, की ते पाण्यात नाही, तेलात विरघळतं. त्यामुळे खाल्लेल्यातलं बरंचसं रक्तात न जाता वायाच जातं. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी यावर काम केलं. कोळंबी-खेकड्यांच्या टरफलापासून मिळणाऱ्या कायटोसान नावाच्या पदार्थात त्यांनी ल्युटिनचे नॅनो कण गुंडाळले. नॅनो म्हणजे किती लहान? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, की त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर! २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात उंदरांच्या रक्तात आणि डोळ्यांतही ल्युटिन जास्त पोचलं. उंदरांच्या, हे ध्यानात ठेवा.

हे सांगायचं कारण म्हणजे, आमच्या वाशीमकडे बचत गटाच्या बैठकीत एखादी तरी बाई पिशवीतून गोळ्यांची महागडी डबी काढते. “ताई, यानं मोतीबिंदू विरघयते म्हन्तात!” नाही हो विरघळत. अमेरिकेत चार हजारांवर लोकांमध्ये सुमारे पाच वर्षं अशा गोळ्यांची चाचणी घेतली. निकाल २०१३ मध्ये आला. एकंदरीत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया काही टळली नाही. ती करावीच लागते आणि सरकारी रुग्णालयात मोफत होते. म्हातारपणी पिवळा ठिपका झिजतो, त्या आजारात मात्र ज्यांच्या जेवणात ल्युटिन फारच कमी होतं, त्यांना फायदा दिसला.

आता जेवणात कमी कुणाच्या असतं? सगळ्यांचं वाढून झाल्यावर बसणारीच्या! तिच्या वाट्याला भाकर अन् ठेचा. कढईतली भाजी आधी आपल्यासाठी काढून ठेवावी, असं कुणी आपल्याला शिकवलंच नाही.

मेथी असो की तरोटा, फोडणीत चमचाभर तेल हवंच, त्यानं ल्युटिन अंगी लागतं. आणि चाळिशीनंतर अधूनमधून एकेक डोळा झाकून दाराच्या चौकटीकडे बघा. सरळ रेघ वाकडी दिसली, तर डबी घेऊ नका, त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.