एका बोटाचा खर्ज

अमेरिकेतल्या काळ्या बांधवांच्या गाण्यांनी जग डोलले. त्या गाण्यांतला खर्ज वाजवणारे जेम्स जेमरसन मात्र किती जणांना ठाऊक? जन्म १९३६, दक्षिण कॅरोलिना. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत ते बास गिटार वाजवीत, तेही उजव्या हाताच्या एकाच बोटाने! तारा तुटल्याशिवाय बदलत नसत. जुन्या तारांचा जाड, दबका नाद त्यांना हवा असे. बाकीचे ठेका धरून बसत, हे गायकाच्या जोडीने दुसरी चालच गुंफीत. कंपनी तबकड्यांवर वादकांची नावे छापत नसे. (आमच्या कॅसेटींवर ढोलकीवाल्याचे नाव कितीदा असायचे?) १९७१ साली मार्विन गे यांच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर ते छापले गेले. १९८३ मध्ये जेमरसन वारले. 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'चा मान २००० साली मिळाला. आम्ही म्हणतो, सतरा वर्षे उशिरा.