छोटी गोगलगाय म्हणजे मोठीचं पिल्लूच का? केनियातल्या एका गोगलगायीवरून समजून घ्या, ओळखायचं कसं

सोयाबीन उगवलं की रातोरात कोंब फस्त करणारी शंखी गोगलगाय आता आपल्याला नवी राहिली नाही. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवच्या अनेक शेतकऱ्यांवर तिच्यामुळे दुबार पेरणीची वेळ आली. ही गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेतली. १८४७ मध्ये बेन्सन नावाच्या इंग्रजाने ती मॉरिशसहून कोलकात्याला आणली आणि तिथून ती पसरली.

पण त्याच पूर्व आफ्रिकेत एक छोटी गोगलगाय आहे, जी पिकाला तोंड लावत नाही. ती दुसऱ्या गोगलगायी खाते! पटकन बघितलं तर कुणीही तिला मोठीचं पिल्लू समजेल.

नाव कसं पडलं?

केनियात नैरोबी-मोंबासा रस्त्यावर किबवेझी नावाचं गाव आहे. तिथल्या शंखांवरून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधले एडगर स्मिथ यांनी १८९४ मध्ये या जातीला 'किबवेझिएन्सिस' नाव दिलं. पुढे बरीच वर्षं ती 'गोनॅक्सिस' या गटात होती, आता 'मॅक्रोगोनॅक्सिस'मध्ये धरतात. म्हणजे आडनाव बदललं, नाव तेच राहिलं.

पिल्लू की वेगळी जात?

१) आकार: किबवेझीची गोगलगाय पूर्ण वाढली तरी शंख साधारण २ सेंटिमीटरचा. शंखी गोगलगायीचा २० सेंटिमीटरपर्यंतही जातो.

२) ठेवण: शंखी गोगलगायीचा शंख सरळ निमुळता, तपकिरी, त्यावर उभे पट्टे. किबवेझीवालीचा पांढरट आणि एका बाजूला कललेला, जणू कुणी दाबून वाकडा केलाय.

३) तोंडाची कड: ही सगळ्यात कामाची खूण. किबवेझीवाली मोठी झाली की शंखाच्या तोंडाची कड जाड होऊन बाहेर वळते. म्हणजे ती आता वाढणार नाही, एवढीच राहणार. शंखी गोगलगायीची कड मात्र पातळच राहते. शिवाय तिच्या तोंडातला मधला दांडा तळाशी कापल्यासारखा तुटक दिसतो, पिल्लातसुद्धा.

थोडक्यात, वय साइजवरून नाही, कडेवरून कळतं.

मग शास्त्रज्ञ काय बघतात?

नुसत्या शंखावर भागत नाही, कारण वेगवेगळ्या जातींचे शंख सारखे दिसू शकतात. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली जिभेवरचे दात बघतात. पाला खाणारीची जीभ खवणीसारखी असते, तर शिकारीचे दात सुरीसारखे टोकदार. आतले जननअवयव तपासतात आणि आता डीएनएही जुळवतात. किबवेझीवाली ज्या कुळातली आहे, त्या 'स्ट्रेप्टॅक्सिडी' कुळातल्या गोगलगायी मांसाहारी असतात.

शिकारी गोगलगाय आणून सोडली तर?

हा प्रयोग झालाय. शंखी गोगलगायीला आवरायला किबवेझीची गोगलगाय १९५० मध्ये पॅसिफिकमधल्या अगिग्वान बेटावर आणि १९५२ मध्ये हवाईत सोडली. १९५५ मध्ये अमेरिकेतली दुसरी एक शिकारी गोगलगाय हवाईत आणली. तिने तिथल्या झाडांवरच्या दुर्मिळ स्थानिक गोगलगायींचाच फडशा पाडला. शंखी गोगलगाय मात्र हवाईत अजून आहे. तेव्हा बाहेरचा किडा-प्राणी आणून सोडायचा सल्ला कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर दिला, तर दुरूनच नमस्कार करा.

आपल्या शेतात काय करायचं?

केनियातली ही जात शेतात शोधत बसू नका. पण तिच्या कुळातल्या छोट्या शिकारी गोगलगायी आपल्या सह्याद्रीतही आहेत. म्हणून दिसली छोटी गोगलगाय की ठेचली, असं नको. आधी शंख आणि तोंडाची कड बघा.

शंखी गोगलगायच असेल तर संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती बांधाला टाका. सकाळी पोत्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवा. हातमोजे घालाच, कारण यांच्यातून मेंदूला त्रास देणारा जंत माणसात येऊ शकतो. विषारी गोळ्या चांगली-वाईट गोगलगाय ओळखत नाहीत, कुत्र्यालाही घातक ठरतात. त्या शेवटचा उपाय म्हणून, लेबल वाचूनच वापरा.

ओळख पटत नसेल तर शंखाचा वरून एक आणि तोंडाच्या बाजूने एक, असे दोन फोटो शेजारी नाणं ठेवून काढा आणि सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना किंवा कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.