आधी भुताची गोष्ट छापायची की प्रेमाची?

घाटकोपरच्या एका वस्तीतील तरुण वाचकाने या पानासाठी आमच्याकडे एक वही आणून दिली. आत दोन कथा होत्या. पहिलीत दोन तरुण रोज एकाच लोकलने कामाला जातात, एका डब्यातले जेवतात आणि अखेर मुलुंडला भाड्याच्या खोलीत एकत्र संसार मांडतात. दुसरी भयकथा. चाळीतल्या घरात एक मुलगा रोज जेवायला बसतो. आई ताट वाढते, पण त्याच्याकडे कोणी पाहत नाही, त्याच्याशी कोणी बोलत नाही. हे भूत असणार, असे आपल्याला वाटते. शेवटी कळते की मुलगा जिवंत आहे. माझ्यासाठी मुलगी पाहू नका, माझे प्रेम एका मुलावर आहे, एवढेच त्याने घरात सांगितले होते.

दोन्ही कथा आम्हांस आवडल्या. तरी आमचा हात गेला तो भयकथेकडे. अंक घराघरांत जातो, प्रेमकथेचे पुढे पाहू, असे आम्ही म्हटले. मग स्वतःलाच विचारावे लागले, असे का?

ही खोड जुनी आहे. आयरिश लेखक शेरिडन ले फानू यांच्या 'कार्मिला' या १८७२ च्या कथेत मुलीवर जीव टाकणारी स्त्री रक्त पिणारी निघते. ती कथा तेव्हाच छापली गेली. उलट ई. एम. फॉर्स्टर यांनी 'मॉरिस' ही कादंबरी १९१३-१४ मध्ये लिहिली. तीत दोन पुरुषांचे प्रेम आहे आणि शेवट सुखाचा आहे. ती प्रसिद्ध झाली १९७१ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर! म्हणजे हे प्रेम भूत होऊन आले तर चालते, सुखाने नांदू लागले की खुपते.

मराठीत विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' (१९८१) या नाटकात मुलीवर प्रेम करणारी मित्रा अखेर जीव देते. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू' (२००६) मध्ये भाऊ आणि बहीण एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात; तो दोघांनाही सोडून जातो.

लपून जगणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) मधील रेल्वेतला तरुण जात लपवून भाड्याची खोली घेतो आणि जात उघड होताच मार खातो. ते वाचून ज्यांचे डोळे भरले, त्यांना वहीतला मुलगा परका कसा वाटेल?

र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी उत्तरे दिली होती. त्यांत समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले ते बॅरिस्टर बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील राजीखुशीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले, तेव्हा बाबासाहेबांनी मांडलेल्या संविधानिक नीतीचाच आधार घेतला. कायदा बदलला, घरातले ताट अजून मुकेच आहे.

म्हणून पुढील अंकात आधी प्रेमकथा छापत आहोत, भयकथा त्यानंतर. लिहिणाऱ्या मुलामुलींना एकच सांगणे: भुताच्या गोष्टी जरूर लिहा, पण तुमच्या माणसांना अधूनमधून सुखानेही नांदू द्या.

वहीच्या शेवटच्या पानावर त्याने लिहिले आहे, "माझे नाव छापू नका. आई अंक वाचते." नाव छापणार नाही. आयाबापांना विनंती एवढीच की, कथा घरात मोठ्याने वाचा. ऐकणाऱ्यांत कोण बसले आहे, ते आपल्याला ठाऊक नसते.

जयभीम.