नियंत्रकाच्या पोटातील दुभाषी

दुग्धशाळेत दुधाचे पाश्चरीकरण करताना ते ७२ अंश सेल्सिअस तापमानात निदान १५ सेकंद ठेवावे लागते. तापमान कमी पडताच झडप फिरवून दूध पुन्हा तापविण्यास पाठविणे, हे काम नियंत्रक हे यंत्र करते. परंतु दूध निर्धोक असल्याची हमी द्यावयाची, तर तापमानाची नोंद देखरेख-कक्षातील संगणकापर्यंत पोहोचली पाहिजे. येथे अडचण उद्भवते. कारण निरनिराळ्या उत्पादकांचे नियंत्रक निरनिराळ्या भाषा बोलतात.

ही अडचण दूर करण्यासाठी १९९६ साली ओपीसी हे प्रमाण प्रसिद्ध झाले. त्यात माहिती पुरविणाऱ्यास सर्व्हर व मागणाऱ्यास क्लायंट म्हणतात. मूळचे ओपीसी विंडोज प्रणालीवर अवलंबून होते. त्यामुळे बहुधा नियंत्रक व कक्ष यांच्यामध्ये दुभाषी म्हणून एक संगणक ठेवावा लागे. तो बंद पडला, तर नियंत्रकाचे काम चालू राही. नोंद मात्र खंडित होई. पुढे आलेले ओपीसी यूए कोणत्याही एका प्रणालीस बांधलेले नाही. म्हणून हा दुभाषी नियंत्रकाच्याच पोटात बसविता येतो. सीमेन्सचा एस७-१५०० व वागोचा पीएफसी२०० ही त्याची उदाहरणे होत.

असा नियंत्रक निवडताना माहितीपत्रकातील ‘ओपीसी’ या शब्दावरच विसंबू नये. सर्व्हर खरोखर नियंत्रकात आहे, की संगणकावर बसवावयाचा वेगळा प्रोग्राम आहे, हे प्रथम पाहावे. नंतर फर्मवेअरची आवृत्ती तपासावी. एस७-१५०० मध्ये ही सोय आवृत्ती २.० पासून आली, व तिच्यासाठी निराळा परवाना घ्यावा लागतो. एकाच वेळी किती क्लायंट जोडता येतील, किती मूल्यांवर लक्ष ठेवता येईल व ती किती वेळाने तपासली जातील, याचे आकडे मागावेत. शेवटी प्रमाणपत्राद्वारे ओळख पटविण्याची व संदेश सांकेतिक करण्याची व्यवस्था पाहावी आणि अनामिकास प्रवेश बंद ठेवावा.

एक सूक्ष्म गोष्ट मात्र विसरू नये. सर्व्हर प्रत्येक मूल्याबरोबर त्याची वेळ व ‘चांगले’ किंवा ‘वाईट’ असा शेरा पाठवितो. पुष्कळ नियंत्रकांत ‘चांगले’ याचा अर्थ एवढाच, की स्मृतीतील आकडा नीट वाचला गेला. तापमापक ठीक आहे, असा नव्हे. तापमापकाची तार तुटली, तरी चुकीचा आकडा ‘चांगला’ म्हणून कक्षात पोहोचू शकतो. यासाठी तापमापकातील बिघाडाची खूण वेगळे मूल्य म्हणून पाठविण्याची तजवीज नियंत्रकाच्या प्रोग्राममध्ये करावी. आणि खरेदीपूर्वीच्या चाचणीत तार मुद्दाम सोडवून कक्षात काय दिसते, ते स्वतः पाहावे. दुभाषी कितीही प्रामाणिक असला, तरी तो ऐकलेलेच सांगतो.