पहिल्या शंभर चाली



ज्याचा जन्म कारखान्याच्या दारावर सभा घेण्यात आणि मागण्यांची निवेदने लिहिण्यात गेला, त्याने वसंत व्याख्यानमालेत संगणकावरच्या एका खेळावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. आमचे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. हा खेळही आम्ही त्या कचेरीतच शिकलो.

आमच्या युनियनमधला एक कंत्राटी कामगार, वय बावीस, रात्रपाळी करून परतताना कचेरीत टेकत असे. एके दिवशी तो कपाळाला हात लावून बसलेला दिसला. आम्हांस वाटले, नोकरी गेली. विचारले तर म्हणाला, "भाऊ, सोळाव्यांदा हरलो. शंभर चालीसुद्धा टिकत नाही. माझ्या डोक्यातच काही नाही." पहिल्या दोन वाक्यांना आम्ही हसलो, तिसऱ्याला हसू आले नाही. मग त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो, पाहू लागलो, पाहता पाहता खेळू लागलो आणि ओळीने नऊ डाव हरलो. त्या पराभवांतून जे कळले ते नवख्यांस सांगावे, एवढाच आजचा हेतू.

या खेळाचे नाव 'सिव्हिलायझेशन', म्हणजे संस्कृती. सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी तो अमेरिकेत रचला आणि १९९१ साली तो प्रथम बाहेर आला. पुढे त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. सहावी २०१६ साली आली, सातवी २०२५ साली. आम्ही खेळलो ती सहावी; म्हणून जे सांगू ते तिच्याविषयीचे.

नकाशा मधमाशांच्या पोळ्यासारखा षट्कोनी घरांचा असतो. इसवी सनापूर्वी ४००० या वर्षी तुमच्या हाती दोनच माणसे दिली जातात : नगर वसविणारा एक सेटलर आणि एक योद्धा. बाकी जग काळोखात. तेथून नगरे वसवीत, विद्या मिळवीत, शेजाऱ्यांशी सलोखा किंवा लढाई करीत तुम्ही आजच्या काळापर्यंत यावयाचे. नेहमीच्या गतीने खेळल्यास डाव ५०० चालींचा. जिंकण्याच्या वाटाही अनेक आहेत : सर्वांच्या मूळ राजधान्या जिंकणे, विज्ञानाच्या बळावर अंतराळ गाठणे, कलासंस्कृतीने परदेशचे प्रवासी ओढून घेणे, किंवा आपला धर्म सर्व राष्ट्रांत बहुमताचा करणे.

यात बुद्धिबळासारखी पाळी असते. तुमची चाल झाल्याखेरीज जग पुढे सरकत नाही, आणि एकट्याने खेळताना घड्याळही लावलेले नसते. येथे भोंगा नाही, मुकादम नाही. तरी नवखा माणूस पाठीमागे कोणी उभे असल्यासारखा भराभर चाली उरकतो. आमचे पहिले सांगणे हेच, की प्रत्येक चालीला थांबावे आणि नकाशा पाहावा.

आता त्या पोराच्या सोळा पराभवांकडे वळू. डाव मांडण्यापूर्वी खेळाची अवघडपणाची पायरी निवडावी लागते. अशा आठ पायऱ्या आहेत. चौथीचे नाव 'प्रिन्स'. तीवर माणूस आणि यंत्र यांना जवळजवळ सारख्याच अटी असतात. त्याच्या वर जावे तसतशी यंत्राला सवलत मिळत जाते. आठव्या पायरीचे नाव 'डेइटी', म्हणजे देव. तेथे तुम्ही एका सेटलरने आरंभ करता आणि प्रत्येक प्रतिस्पर्धी तिघांनी. शिवाय त्यांचे उत्पादन आणि विद्यार्जन वाढवून दिलेले असते ते निराळेच. आमचा हा पोरगा मित्रांच्या ईर्ष्येने आठव्या पायरीवर खेळत होता! वरच्या पायरीवर यंत्राची अक्कल वाढत नाही, त्याचे भांडवल वाढते. ही गोष्ट त्याला कोणी सांगितली नव्हती आणि म्हणून तो स्वतःच्या डोक्याला दोष देत बसला होता. नवख्याने दुसऱ्या किंवा तिसऱ्या पायरीवर हात बसवावा, मग चौथीवर यावे. त्यात कमीपणा कसला?

राष्ट्र कोणते घ्यावे? आपल्याला साहजिकच भारत घ्यावासा वाटतो. भारताला या खेळात बारव बांधता येते. तिने धान्य वाढते आणि वस्तीला जागा होते. बारवा पाहिलेल्या मराठी माणसाला याचा आनंद होईल. भारताचे एक नेते महात्मा गांधी आहेत. पहिल्या आवृत्तीतल्या एका चुकीमुळे गांधी अणुबाँब टाकत सुटत, अशी एक दंतकथा खेळाडूंत फार वर्षे फिरत होती. तशी चूक नव्हतीच, असे सिड मायर यांनी २०२० साली आपल्या आठवणींच्या पुस्तकात स्पष्ट केले. परंतु शिकावयास रोम बरे. सम्राट ट्रेजनच्या रोममध्ये प्रत्येक नव्या नगरात एक स्मारक फुकट उभे राहते आणि राजधानीकडे जाणारे रस्ते आपोआप होतात. नवख्याची दोन कामे परस्पर वाचतात.

सारख्या पायरीवर आल्यावरही तो पोरगा हरला. आम्हीही हरलो. म्हणजे सारा दोष अटींचा नव्हता. आम्ही दोघांनी पहिल्या शंभर चालींचा हिशेब कागदावर मांडला, तेव्हा चुका दिसू लागल्या.

पहिली चूक जागेची. नगर नदीकाठी किंवा तळ्याकाठी वसवावे. गोड्या पाण्याजवळ आरंभी ५ वस्तीची सोय असते, समुद्रकाठी ३ आणि कोरड्या जागी अवघी २. लोकसंख्या या आकड्याजवळ आली की वाढ मंदावते. वाई, नाशिक, पंढरपूर ही गावे नदीकाठी का वसली, हे खेळ न खेळताही आपल्याला ठाऊक आहे. मात्र चांगली जागा शोधण्यात पाच-सहा चाली घालवू नयेत. पहिल्या दोन चालींत राजधानी उभी करावी.

दुसरी चूक कळस आधी बांधण्याची. खेळात स्टोनहेंज, पिरॅमिड यांसारखी जगातली आश्चर्ये बांधता येतात आणि चित्र मोठे मोहक असते. पण प्रत्येक आश्चर्य जगात एकालाच मिळते. एकुलत्या नगराचे सारे श्रम त्यात ओतावे आणि दोन चाली उरल्या असता दुसऱ्याने ते पुरे करावे, असे आमचे तीनदा झाले. त्याऐवजी आधी एक टेहळ्या काढावा, मग गोफणवाला आणि मग सेटलर. सेटलर निघताना नगराचा एक नागरिक घेऊन जातो आणि दर वेळी तो अधिक महाग पडतो, म्हणून लवकर काढलेला स्वस्त. दोन नगरांमध्ये किमान तीन घरे सोडावी लागतात. त्याहून फार लांब जाऊ नये. २०१८ च्या पुरवणीपासून नगरांना निष्ठा जोडलेली आहे आणि परक्यांच्या छायेत वसविलेले एकाकी नगर फुटून निघते. शंभराव्या चालीपर्यंत चार-पाच नगरे झाली तर पुढचा डाव हाती राहतो, असा आमचा अनुभव. राज्यकारभाराची जी धोरणे निवडता येतात त्यांत 'कॉलोनायझेशन' नावाचे एक आहे. ते लावले असता सेटलरचे काम ५० टक्के अधिक वेगाने होते. नगरे वाढविण्याच्या काळात ते विसरू नये.

तिसरी चूक घराबाहेर न पाहण्याची. खेळात ज्यांना रानटी म्हटले आहे त्या टोळ्यांचा एक टेहळ्या तुमच्या नगराजवळ येतो. नगर दिसले की त्याच्या डोक्यावर उद्गारचिन्ह उमटते आणि तो तळाकडे पळतो. तो पोचला की झुंड आलीच. म्हणून त्याला वाटेतच गाठावे. हे तळ तुमची नजर नसलेल्या जागीच उठतात. तेव्हा एखादा शिपाई उंचवट्यावर नुसता उभा ठेवला तरी उपयोग होतो. 'डिसिप्लिन' हे धोरण या टोळ्यांशी लढताना बळ ५ ने वाढवते. आणि सेटलरला एकटे कधी धाडू नये. आमचा एक तसाच पळविला गेला आणि त्याबरोबर डावही.

चौथी चूक हातच्या माणसाचे मोल न कळण्याची. खेळात 'बिल्डर' म्हणून एक असतो. हा आपल्या शहरातला सदनिका विकणारा बिल्डर नव्हे, हा खराच राबणारा गडी. शेत, खाण, दगडाची खाण अशी तीन कामे करून तो नाहीसा होतो. ना उपदान, ना निवृत्तिवेतन! आम्हांस हे पाहून पहिल्या दिवशी राग आला होता. पण निदान त्याची तीन कामे वाया तरी घालवू नयेत. नागरिक ज्या घरावर प्रत्यक्ष राबत आहेत तेच घर सुधारावे, कारण जेथे कोणी राबत नाही तेथल्या शेताचे पीक पदरात पडत नाही. तीन घरे सुधारली की कारागिरीच्या विद्येला चालना मिळते. अशा चालना खेळात पुष्कळ आहेत. गोफणवाल्याने शत्रूचा एक शिपाई पाडला की धनुर्विद्येला, दुसरे राष्ट्र भेटले की लेखनाला. मूळ खेळात चालनेने निम्मी विद्या पदरात पडते, नंतरच्या पुरवणीत ४० टक्के. ज्या गोष्टी तसेही करावयाच्याच त्या जरा क्रमाने केल्या, तर शेजाऱ्याच्या पुढे जाता येते.

पाचवी चूक पेठांची. सहाव्या आवृत्तीत विद्यापीठ, बाजार, कारखाने यांना नगराबाहेर वेगळी घरे द्यावी लागतात. त्यांना आम्ही पेठा म्हणतो. पहिली पेठ आरंभीच मिळते, दुसरी ४ लोकसंख्येला, तिसरी ७ ला. विद्येची पेठ डोंगराच्या कुशीत मांडावी. शेजारच्या प्रत्येक डोंगरामागे १ विज्ञान वाढते. आणि एक व्यवहाराची गोष्ट : पेठेची किंमत डाव पुढे जाईल तशी चढते, पण एकदा जागा मांडली की त्या दिवसाची किंमत कायम राहते. बांधकाम मागून करा, जागा आज अडवा.

सहावी चूक म्हणजे लोकांना विसरणे. लोकसंख्या वाढली की सुखसोयी कमी पडू लागतात आणि कामाचा वेग घटतो. असंतोष फारच वाढला तर नगराजवळ बंडखोर उभे राहतात. खेळ रचणाऱ्यांना एवढे कळले, ते पाहून आम्हांस बरे वाटले. चैनीच्या एका जिन्नसाने, मग तो रेशीम असो की मसाले, चार नगरे संतुष्ट होतात. तोच जिन्नस दुसऱ्यांदा मिळाल्याने जास्त काही होत नाही. तो शेजाऱ्याला देऊन आपल्याकडे नसलेला घ्यावा. नवे राष्ट्र भेटताच २५ सुवर्णनाणी खर्चून शिष्टमंडळ धाडावे. एवढ्या स्वस्तात सलोख्याचा आरंभ पुढे होत नाही.

आता थोडे स्वतःविषयी. ऐन तिशीत आम्ही एका कारखान्यात संप पुकारला होता. सभासद निम्मेसुद्धा नव्हते, फंडात पंधरवड्याचा शिधा नव्हता, शेजारच्या कारखान्यांतल्या लोकांशी बोलणे नव्हते. होते ते झेंडे आणि भाषणे. तेविसाव्या दिवशी लोक आत गेले आणि अकरा जण कायमचे बाहेर राहिले. त्यांतल्या दोघांच्या घरी आम्ही पुढे कित्येक वर्षे जाऊ शकलो नाही. कागदावर खेळाचा हिशेब मांडताना तो संप आम्हांस आठवला. आम्ही स्टोनहेंज बांधावयास निघालो होतो आणि नगराला पाणी नव्हते.

तरी खेळ तो खेळ. त्यात हरलेला डाव पुन्हा मांडता येतो. ते अकरा जण पुन्हा मांडता येत नाहीत. त्यात मोकळी जमीन म्हणजे कोणाचीच नसलेली जमीन, आणि टोळीवाल्यांना आपली बाजू सांगण्यास तोंड नाही. जग खरोखर असे चालते, असे कोणी पोराने समजू नये. मात्र अटी आधी वाचाव्या, मग पाया घालावा आणि हरल्यावर हिशेब मांडावा, या तीन सवयी त्याला येथे बिनखर्चात लागतात.

शेवटचे सांगणे वेळेविषयी. डाव संपला तरी हा खेळ "आणखी एकच चाल" असे बटण पुढे करतो आणि त्या एका चालीत पहाट होते. ज्याला सकाळी पाळीवर जावयाचे आहे त्याने गजर लावूनच बसावे. आमचा तो तरुण आता चौथ्या पायरीवर खेळतो. मागच्या महिन्यात तो पुन्हा हरला, पण तीनशे बाराव्या चालीला, आणि कचेरीत येऊन म्हणाला, "भाऊ, दुसरं नगर वीस चाली उशिरा वसवलं, तिथंच बिघडलं." बोलता बोलता त्याने कंत्राटदाराकडून मिळालेला करारनामा आमच्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "यातल्या अटी जरा वाचून सांगता का?" आम्ही चष्मा लावला. तो कागद वाचावयास आम्हांस दोन तास लागले.