लॅपटॉपचा बिघडलेला भाग घरीच बदला

अलोरे म्हटले की कोयना प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याचे 320 मेगावॅटचे वीजगृह आठवते. पण त्याच गावात मुलाचा लॅपटॉप बंद पडला, तर घरचे लोक तो पिशवीत घालून चिपळूणची एस.टी. पकडतात आणि बरेचदा "आता नवाच घ्या" असा सल्ला ऐकून परत येतात. परीक्षेचा अर्ज, दुकानाचा हिशेब, परदेशातील नोकरीची कागदपत्रे सारे त्यातच अडकलेले असते. आमच्या मते निम्म्या तक्रारी एखादा भाग बदलून घरीच मिटू शकतात.

आधी दोष कोठे आहे ते ओळखावे. आखातातून आलेल्या लॅपटॉपबाबत लोक चार्जरलाच दोष देतात. चार्जरच्या ठोकळ्यावर 100-240 व्होल्ट असे छापलेले असेल तर तो आपल्याकडे चालतो. दुबई-कतारच्या जाड चौकोनी पिनांची फक्त वायर बदलावी. ठोकळाच जळला असेल तर नव्याचे व्होल्ट जुन्याइतकेच हवेत. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतील, कमी मात्र नकोत. पिनेची जाडी आणि तिची धन-ऋण बाजूही जुळली पाहिजे.

लॅपटॉप सुरू होतो पण दहा-दहा मिनिटे घेतो, ही तक्रार सर्वांत जास्त. त्यात जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एस.एस.डी. बसवावी. एवढ्या एका बदलाने सात-आठ वर्षांचे यंत्रही पळू लागते. मात्र एस.एस.डी. अडीच इंची की एम-2, आणि एम-2 असल्यास साटा की एन.व्ही.एम.ई., हे मॉडेल क्रमांकावरून पाहूनच खरेदी करावी. रॅमचेही तसेच. डीडीआर-3 च्या जागी डीडीआर-4 बसत नाही, कारण खाच वेगळ्या ठिकाणी असते. जोर लावून बसवणारे खाचच मोडतात! काही नव्या पातळ लॅपटॉपमध्ये रॅम पट्टीवरच डाख दिलेली असते, तेथे घरगुती इलाज नाही.

काम करताना प्रथम सर्व माहिती दुसरीकडे उतरवून घ्यावी. विंडोजमध्ये बिटलॉकर असेल तर त्याची किल्ली कागदावर लिहून ठेवावी. मग यंत्र बंद करून चार्जर काढावा, झाकण उघडताच बॅटरीची जोडणी सोडवावी. कागदावर लॅपटॉपचा आराखडा काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवावा, कारण लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या भोकात गेला तर आतली पट्टी फोडतो. कीबोर्डची चपटी पट्टी ओढू नये, तिच्या खटक्याचे झाकण नखाने उचलावे. काही मॉडेलांत कीबोर्ड वरच्या झाकणाला प्लास्टिकच्या रिबिटांनी डकवलेला असतो, तेथे झाकणासकट बदलणे सोपे पडते.

आपल्या कोकणात आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे दमट हवा. पावसाळ्यात जोडण्यांवर पांढरट-हिरवट थर चढतो आणि यंत्र अधूनमधून दगा देते. 99 टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ ब्रशने तो पुसून पूर्ण वाळू द्यावा. कित्येकदा नवा भाग आणण्याची गरजच उरत नाही. पुराच्या पाण्यात बुडालेला लॅपटॉप मात्र सुरू करून पाहू नये, तो सरळ कारागिराकडे न्यावा.

बॅटरी फुगून टचपॅड वर आले असेल तर चार्जिंग ताबडतोब थांबवावे. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, आणि घरच्या कचऱ्यात तर टाकूच नये. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 24 डिसेंबर 2022 रोजी 'राइट टू रिपेअर' पोर्टलही सुरू केले. तेथे सहभागी कंपन्यांची दुरुस्तीची माहिती मिळते.

हात बसल्यावर आमच्या तरुणांनी शेजाऱ्यांची कामे घ्यायला हरकत नाही. बेकारीच्या दिवसांत हा थोड्या भांडवलाचा धंदा आहे. परंतु वापरलेला भाग बसवला तर तसे आधी सांगावे, काढलेला जुना भाग मालकाला परत द्यावा, आणि यंत्रातील फोटो व कागदपत्रे ही अमानत समजून उघडू नयेत. हमीच्या मुदतीतील लॅपटॉपला मात्र हात लावू नये, तो कंपनीकडेच पाठवावा.